हजर सदस्य

फळ्यावर चार मंडळं होती त्या वर्षी,
विज्ञान, वाङ्मय, हरित सेना, लेझीम पथक.
खाली सभासदांच्या याद्या, माझ्या अक्षरात.
जवळ जाऊन वाचलं की कळायचं,
नावं सातच आहेत,
क्रम बदललाय.

विज्ञानाची अध्यक्ष निलाक्षी वैती,
वाङ्मयाची खजिनदारही तीच.
खजिना म्हणजे बिस्किटांचा डबा,
त्यात साडेअकरा रुपये
आणि कुणाचा तरी केसांचा चिमटा.
सचिव सगळीकडे मी,
कारण माझं पेन गळत नव्हतं.

नववी-दहावी मिळून एकोणीस पोरं.
त्यातली बारा दुपारनंतर
ट्रॉम्बेच्या धक्क्यावर, सुकट पसरायला,
नाहीतर घरी धाकट्यांना धरून.
उरलो आम्ही.
सोमवारी शास्त्रज्ञ, बुधवारी कवी,
शुक्रवारी कुंड्यांना पाणी
आणि रोज शाळा सुटली की पटांगणात लेझीम.

चेंबूरहून स्पर्धेचा फॉर्म आला. किमान बारा.
लोखंडे सर म्हणाले,
"सातांची रांग होते रे, रिंगण होत नाही."
फॉर्म घडी करून खिशात ठेवायचे,
काढायचे, परत घडी.

आमच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्याला उर्दू शाळा.
जिना एक, नळ एक,
सावळाराममामा घंटा एकदाच मारायचा
आणि दोन शाळा सुटायच्या.
आम्ही त्यांना 'वरचे' म्हणायचो,
ते आम्हाला 'नीचेवाले'.
ओळख एवढीच.

चार दिवस एक मुलगी कठड्याला रेलून बघत होती.
पाचव्या दिवशी वरूनच ओरडली,
"वो पाँचवाँवाला हर बार उलटा घूमता है!"
पाचवा म्हणजे कल्पेश भोईर.
त्याचे कान लाल झाले.
खरं होतं ते.

मग ती खाली आली. शगुफ्ता.
मागे नौशाद, मुनीर आणि दोघी बहिणी,
ज्यांच्यातली थोरली कोण ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.
लेझिमा कमी पडल्या.
निलाक्षीच्या बाबांनी होडीच्या जुन्या दांड्या कापून दिल्या,
चकत्यांना सोड्याच्या बाटल्यांची बुचं, ठोकून चपटी केलेली.
आमच्या खणखणायच्या,
या नव्या खुळखुळायच्या.

अडलं ते मोजण्यात.
आमचं 'दोन' जरा लांबायचं,
त्यांचं 'दो' आधी संपायचं,
आणि तेवढ्या फटीत कल्पेश उलटा फिरायचा.
सर कंटाळून म्हणाले,
"मोजूच नका. हलगी ऐका."

चेंबूरच्या मैदानावर चुन्याच्या रेघा,
बाकीच्या शाळांचे झुळझुळीत फेटे.
टेबलामागचा माणूस आमची यादी वाचत गेला,
आठव्या नावाशी बोट थांबलं.
"हे दुसऱ्या शाळेचे."
सर म्हणाले, "पत्ता एकच आहे."
"नियम शाळेचा आहे, पत्त्याचा नाही.
सात जण उतरवा, नाहीतर बाद."

सरांनी आमच्याकडे पाहिलं.
कुणी काही बोललं नाही.
निलाक्षी खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागली,
आणि तिच्या शेजारी धाकटी, किंवा थोरली.

फाटकाबाहेर एका शाळेची बस उभी होती,
तिच्या सावलीत आम्ही केलं.
सगळं. सुरुवातीच्या नमस्कारापासून.
ड्रायव्हर खिडकीतून शेंगा खात बघत होता.
कल्पेश चौथ्या रिंगणापर्यंत बरोबर फिरला,
पाचव्याला उलटा,
तर त्याच्यामागे मुनीरही उलटा फिरला
आणि मग आम्ही सगळेच.
ड्रायव्हरला वाटलं तसंच असतं.
टाळ्या वाजवल्या त्याने, हातातल्या टरफलांसकट.

सोमवारी मी इतिवृत्त लिहिलं.
विषय : लेझीम पथक. स्थळ : फाटकाबाहेर.
क्रमांक : नाही.
हजर सदस्य : बारा.

मुख्याध्यापकांनी लाल शाईत लिहून पाठवलं,
'आकडा तपासावा.'

तपासला.
शगुफ्ताचं आडनाव चुकलं होतं,
तेवढं दुरुस्त केलं.